उन्हाळ्यात कोणती वाइन निवडावी आणि ती कोणत्या पदार्थांबरोबर घ्यावी?

उन्हाळ्यासाठी वाइन निवडताना रंगापेक्षा तिचा आंबटपणा आणि मद्यांश आधी पाहावा, कारण १४ टक्क्यांहून अधिक मद्यांशाची जड वाइन उकाड्यात नकोशी होते. पोर्तुगालची हलकी विन्हो व्हेर्दे किंवा सोव्हिन्यों ब्लाँ द्राक्षांची व्हाइट वाइन ही मासे, लिंबू पिळलेले सॅलड आणि बकरीच्या दुधाचे चीज यांच्याबरोबर उत्तम जुळते. पदार्थ तिखट असेल, तर मात्र जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातील किंचित गोडसर रीसलिंग ही व्हाइट वाइन घ्यावी. तिच्यातील साखर तिखटाची धार कमी करते, तर जास्त मद्यांश आणि रेड वाइनमधील टॅनिन (तुरट चव देणारा घटक) ती उलट वाढवतात. (रीसलिंग म्हणजे नेहमी गोडच, हा समज चुकीचा आहे, लेबलवर ‘ट्रोकन’ लिहिलेली वाइन कोरडी, म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली असते.) भाजलेल्या भाज्या आणि कोळंबीसाठी फ्रान्समधील प्रोव्हान्सची कोरडी रोझे (गुलाबी वाइन) माझ्या मते सर्वांत भरवशाची. रेड वाइनच हवी असल्यास गामे जातीच्या द्राक्षांची फ्रेंच बोजोले १३ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करून द्यावी. व्हाइट वाइनला ८ ते १० अंश पुरेसे असतात, कारण त्याहून फार गार केल्यास तिचा सुगंध दबतो.