पनवेलचा मतदार तेव्हा ठाण्याचा नव्हताच

प्रश्न : १९२० च्या आसपास मुंबई कौन्सिलचा अध्यक्ष कोण होता, आणि आमच्या शेतकरी पणजोबांना मत असेल का? आजोळ पनवेलचं आहे, मग दोन्ही घरं एकाच मतदारसंघात धरायची ना? (एक वाचक, कोलशेत, ठाणे)

उत्तर : आधी अध्यक्षाचं सांगतो. पूर्वी गव्हर्नरच कौन्सिलच्या, म्हणजे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाच्या, बैठका चालवायचा, १९१९ च्या कायद्याने ते बदललं आणि १९२१ मध्ये सर नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले, तेही गव्हर्नरने नेमलेलेच. १९२३ मध्ये चंदावरकर वारले, मग इब्राहिम रहिमतुल्ला आले.

पणजोबांच्या मताचं मात्र जमिनीवर होतं. खेड्यात साधारण ३२ रुपये शेतसाऱ्याची जमीन असेल तर मत, म्हणजे भूमिहीन मजूर, मिठागरावर राबणारे बहुतेक बाहेर. घरातले जुने उतारे काढा आणि त्यातला 'आकार', म्हणजे जमिनीवर ठरलेला सारा, बघा, पणजोबांच्या नावावरच्या सगळ्या सर्व्हे नंबरांची बेरीज करा, एकाच तुकड्यावर जाऊ नका. पणजीला १९२० ला मत नव्हतंच, बायकांवरची बंदी कौन्सिलने १९२१ मध्ये उठवली, पण जमिनीची अट तशीच राहिली त्यामुळे फायदा फार थोड्या जणींना झाला. निवडून येणारे एकूण ८६, सिंधपासून कारवारपर्यंत सगळा इलाखा मिळून, मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे आणि मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव. आजच्यासारखा वॉर्डाजवळचा आमदार नव्हता हो, खेड्यापाड्यात मतदारसंघ जिल्ह्याएवढा असायचा.

आणि इथेच तुमचं आजोळ वेगळं पडतं. पनवेल १८८३ मध्येच ठाण्यातून काढून कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यात घातलं होतं, त्यामुळे मामाकडच्यांचं मत कुलाब्यात.

महाडही त्याच कुलाब्यातलं. सी. के. बोले यांनी, म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये याच कौन्सिलमध्ये ठराव पास करून घेतला की सरकारी पैशातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं, पाणी मात्र भरू दिलं नाही, म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावं लागलं. बाबासाहेब त्याच वर्षी कौन्सिलवर आले ते निवडून नव्हे, सरकारने नेमलेले सदस्य म्हणून, कारण ज्यांच्यासाठी ते बोलत होते त्यातल्या बहुतेकांकडे मत द्यायला लागणारी जमीनच नव्हती.