कचऱ्याच्या गाडीमागची बाई

प्रश्न : आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत आम्ही चार-पाचजणी ओला-सुका कचरा वेगळा व्हावा म्हणून दारोदार फिरतो. कमिटीतले एक काका म्हणतात, ‘कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजता?’ यंदा ८ मार्चला महिला मंडळात मला अमेरिकेतल्या सुधारक स्त्रियांवर बोलायचंय. जिथे बघावं तिथे मताच्या हक्काचीच माहिती. सुझन अँथनी सोडून कोण घेऊ?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, जेन ॲडम्स घ्या. आणि त्या काकांना पहिल्या रांगेत बसवा.

सुझनबाईंना अगदीच वगळू नका. बायकांना मताचा हक्क नसताना मत दिल्याबद्दल कोर्टाने ठोकलेला शंभर डॉलरचा दंड त्यांनी मरेपर्यंत भरला नाही, एवढं सांगितलं तरी टाळ्या पडतील. मग थेट शिकागोला या.

१८८९ साली ॲडम्स आणि त्यांची मैत्रीण एलन स्टार शिकागोच्या हॅल्स्टेड स्ट्रीटवर राहायला गेल्या. वस्तीतल्या लोकांसाठी खुल्या ठेवलेल्या त्यांच्या त्या घराचं नाव हल हाऊस. (आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेतून निघाल्या, त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. थोडक्यात चुकामूक झाली!) आजूबाजूला इटली, ग्रीस, रशियाहून आलेल्या कामगारांची वस्ती. कचऱ्याच्या लाकडी पेट्या रस्त्याच्या कडेला ठोकलेल्या, भरून वाहणाऱ्या, आणि पोरं त्यांच्यावरच चढून खेळायची. मग हल हाऊसच्या महिला क्लबातल्या बारा जणी, दिवसभर घरकाम उपसून, संध्याकाळी गल्ल्या तपासायला निघाल्या. दोन महिन्यांत आरोग्य खात्याकडे त्यांच्या १,०३७ तक्रारी गेल्या. तरी ढिम्म. शेवटी १८९५ मध्ये ॲडम्स यांनी वॉर्डाच्या कचऱ्याचं टेंडरच भरलं! ते तांत्रिक कारण दाखवून बाद झालं, पण बोभाटा इतका झाला की महापौरांनी त्यांना वॉर्डाची कचरा निरीक्षक नेमलं. पगार वर्षाला हजार डॉलर.

सकाळी सहाला बाई हजर. भरलेल्या गाड्यांच्या मागे थेट डम्पिंगपर्यंत जायचं, कारण कचरा मध्येच कुठे उतरला तर? कंत्राटदाराला गाड्या नऊवरून तेरा आणि तेरावरून सतरा करायला लावल्या. पेट्या न ठेवणाऱ्या घरमालकांना कोर्टात खेचलं. एका बोळात खणत गेल्यावर दीड फूट घाणीखाली चक्क फरसबंदी रस्ता निघाला. तिथल्या इटालियन लोकांना त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही, त्यांच्या देशात अख्खी शहरंच जमिनीतून निघतात ना! आमच्या नौपाड्यात गटारकामासाठी रस्ता उकरला की काय काय वर येतं ते पाहिलंय, त्यामुळे मला हा प्रसंग जराही अतिरंजित वाटत नाही.

‘बाईमाणसाने हे काय करावं?’ असं म्हणणाऱ्या शेजारणीही होत्या. ॲडम्स यांचं उत्तर साधं होतं : आजाऱ्याची सेवा बाईने केलेली चालते, मग आजार जिथून येतो तिथे तिने का जाऊ नये? पुढे मृत्युदरात शहरात तिसरा असलेला हा वॉर्ड सातव्यावर उतरला. श्रेय एकट्या कचऱ्याचं नसेल, पण कुणी नाकारूही नये.

काका ‘राजकारण’ म्हणून नाक मुरडतील, तेव्हा सांगा की त्या काळी या बाईंना महापौर निवडायला मतही नव्हतं. १९३१ चं शांततेचं नोबेलही त्यांना मिळालं, पण ते शेवटी सांगा. आधी सांगितलंत तर कचऱ्याचं कुणी ऐकणार नाही.

कचऱ्याची ही सगळी गोष्ट त्यांच्या १९१० च्या ‘ट्वेंटी इयर्स ॲट हल-हाऊस’ या आत्मकथनात आहे. इंग्रजी पुस्तक नेटवर फुकट मिळतं. तेरावं प्रकरण काढा.