स्वेच्छाधिकार का विवेकाधिकार?

सोलापुरात एमपीएससीची तयारी करणाऱ्या एका मुलीने विचारलंय की राज्यपालांनी स्वतः ठरवायच्या अधिकाराला एका गाईडमधे 'स्वेच्छाधीन अधिकार' लिहिलंय, दुसऱ्यात 'विवेकाधिकार', आणि पेपरवाले तर सरळ 'राज्यपालांची मर्जी' म्हणून मोकळे होतात, मग मी नक्की काय लिहू?

विवेकाधिकार लिही. स्वेच्छा म्हणजे मनात आलं आणि केलं. विवेकात 'विच्' धातू आहे, वेगळं काढणं, निवडणं, म्हणजे समोर काहीतरी ठरलेलं असतं आणि त्यातनं निवडायचं असतं. सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या तेलुगू शिकलेल्याला विचार, ते विचक्षणाधिकारम् म्हणतात, अक्कलकोटकडं कन्नडमधे विवेचनाधिकार, दोन्हीकडं इच्छेचा पत्ता नाही, आपल्याकडं ती कुठनं आली देव जाणे.

सुप्रीम कोर्टाची भाषा पण निवडीचीच आहे. संविधानाच्या कलम १६३ प्रमाणे राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं, संविधानानं जिथं स्वतः ठरवा म्हटलंय तेवढंच सोडून, आणि १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात सात न्यायाधीशांनी हा अपवाद किती बारका आहे ते सांगून ठेवलंय. विधेयकांचं बघ ना, तमिळनाडूच्या राज्यपालांनी विधेयकं अडवून ठेवल्याच्या प्रकरणात एप्रिल २०२५ ला दोन न्यायाधीशांनी निर्णयासाठी मुदती घालून दिल्या होत्या, नोव्हेंबरात पाच न्यायाधीशांनी राष्ट्रपतींच्या प्रश्नांना उत्तर देताना म्हटलं की कोर्टाला अशी मुदत बांधता येत नाही, संमती मिळाली असं आपोआप धरताही येत नाही, पण संमती द्या, नाहीतर राष्ट्रपतींसाठी राखून ठेवा, नाहीतर (धनविधेयक नसेल तर) सभागृहाकडं परत पाठवा, ह्या तीनातलं एक करायचं, नुसतं दाबून बसायचं नाही, आणि कारण न देता लांबण लावली तर निर्णय घ्या एवढं कोर्ट सांगू शकतं. मुदत काढली हे मला पटलं नाही, पण तो वेगळा विषय. आपल्याकडचं उदाहरण पाहिजे असेल तर २०२२ मधे राज्यपालांनी ठाकरे सरकारला सांगितलेली बहुमत चाचणी घे, राज्यपालांपुढं त्यासाठी पुरेसा आधारच नव्हता असं कोर्टानं मे २०२३ मधे म्हटलंय.

आता मर्जी. हा शब्द चुकीचा नाही बरं का, पण जागा वेगळी. कलम १६४ मधे मंत्री राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात, आणि गंमत म्हणजे ती मर्जीसुद्धा एरव्ही मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानंच चालते, त्यामुळं मर्जी आणि विवेकाधिकार एकाच वाक्यात कोंबू नको.

अजून एक, आपल्या विद्यापीठाचे कुलगुरू राज्यपाल नेमतात ते कुलपती म्हणून, ती पॉवर २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातनं येते, १६३ मधनं नाही, तिथं नुसतं 'कुलपतींचे अधिकार' लिही.