ज्यूद्वेषाच्या तक्रारी आणि बोलण्याचं स्वातंत्र्य : या कामात करिअर करायचं असेल तर

तू लिहितेस की आजीचं माहेर अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घराण्यातलं आहे, तू ठाण्यात पाच वर्षांच्या बीए-एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहेस, आणि अमेरिकेत एलएलएम करून एखाद्या विद्यापीठाच्या, भेदभावाच्या तक्रारी तपासणाऱ्या नागरी हक्क कार्यालयात काम करायची इच्छा आहे. शिवाय विचारतेस, "ज्यू विद्यार्थ्यांना संरक्षण द्यायचं म्हणजे इस्राएलविरोधी आंदोलकांची तोंडं बंद करायची का?"

नाही. ज्याला हा फरक करता येत नाही, त्याच्या हातून दोन्हीकडच्या मुलांचं नुकसान होतं. त्यामुळे आधी हे काम नीट समजून घे, कॉलेजांच्या याद्या नंतर बघू.

कामाचा पाया म्हणजे अमेरिकेच्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यातलं 'टायटल सिक्स' हे प्रकरण. केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेत वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करायला त्यात बंदी आहे. 'धर्म' हा शब्द त्यात नाही. ज्यू विद्यार्थ्यांना संरक्षण मिळतं ते समान वंशपरंपरेच्या मुद्द्यावर, आणि शीख व मुस्लिम विद्यार्थ्यांनाही त्याच वाटेने. तक्रारीत 'धर्माचा अपमान झाला' एवढंच लिहिलं, तर ती इथेच अडखळते.

आता एक वाक्य घे : 'झायोनिस्टांनो (ज्यू राष्ट्राच्या समर्थकांनो), चालते व्हा.' सरकारी विद्यापीठाच्या हिरवळीवर सभेत कुणी ते ओरडलं, तर कितीही झोंबलं तरी अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचं, म्हणजे भाषणस्वातंत्र्याचं, संरक्षण त्याला आहे. तेच वाक्य चिठ्ठीवर लिहून, दाराच्या चौकटीवर मेझुझा (ज्यू घरांच्या दाराला लावतात ती प्रार्थनेची छोटी डबी) दिसते म्हणून, एकाच मुलीच्या खोलीच्या दाराखालून रोज रात्री सरकवलं, तर तो छळ. मेझुझाच उपटून टाकली, तर बोलण्याचा प्रश्नच उरत नाही, ते मालमत्तेचं नुकसान. तू नोंदवायचं ते हे : कोण, कुणाला, कुठे, किती वेळा, आणि त्यामुळे त्या मुलीचं काय बंद झालं. वर्ग, ग्रंथालय की जेवणघर? 'भयंकर', 'द्वेषपूर्ण' अशी विशेषणं तपासात टिकत नाहीत.

कसोट्याही दोन आहेत, आणि नवखे इथेच गोंधळतात. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार करताना वर्तन तीव्र किंवा व्यापक असलं आणि त्याने शिक्षणात अडथळा आला, तर चालतं. नुकसानभरपाईच्या दाव्यात न्यायालयं अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1999 च्या डेव्हिस निकालाच्या कसोटीने तीव्र आणि व्यापक दोन्ही मागतात, शिवाय विद्यापीठाने जाणूनबुजून दुर्लक्ष केल्याचा पुरावाही. खात्याकडच्या तक्रारीची मुदत साधारण 180 दिवस. विद्यार्थी सत्र संपायची वाट बघत बसतात आणि ती हातची जाते.

बोलणं संरक्षित असलं म्हणून विद्यापीठाने हात बांधून बसायचं नसतं. शिक्षा करता येत नाही, पण विद्यापीठ स्वतःची भूमिका जाहीर करू शकतं, त्या मुलीची तुकडी बदलून देऊ शकतं, पहारा वाढवू शकतं, समुपदेशन देऊ शकतं. मंडप, भोंगे, वेळा यांचे नियम लावता येतात, मात्र ते आधीपासून लिहिलेले आणि सगळ्या गटांना सारखे हवेत. एका गटाच्या मोर्चानंतर घाईने केलेला नियम न्यायालयात टिकवणं फार कठीण.

दोन प्रकरणं मुळातून वाच. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये 2024 मध्ये पॅलेस्टाइन समर्थकांच्या आंदोलनाच्या तळामुळे ज्यू विद्यार्थ्यांना आवारातल्या काही भागांत जाता येत नव्हतं. ऑगस्टमध्ये न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. प्रश्न घोषणांचा नव्हता, वाट अडवण्याचा होता. दुसरं हार्वर्डचं. सरकारने ज्यूद्वेषाचं कारण देऊन संशोधनाचा दोन अब्ज डॉलरहून जास्त निधी रोखला. सप्टेंबर 2025 मध्ये न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी ते बेकायदा ठरवलं. तिथे ज्यूद्वेष होता हे त्यांनी मान्य केलं, आणि तरीही. निधी तोडण्याआधी सुनावणी, निष्कर्षांची नोंद, काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) अहवाल आणि त्यानंतर 30 दिवसांची वाट, हे सगळं कायद्यातच लिहिलेलं आहे. मला हा निकाल या क्षेत्राची बाराखडी वाटतो.

2016 ची आयएचआरए, म्हणजे आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृती संघटनेची, ज्यूद्वेषाची व्याख्या आणि तिची अकरा उदाहरणंही वाच. ती आचारसंहितेसारखी वापरून विद्यार्थ्यांना शिक्षा करू नये, असं मुख्य मसुदाकार केनेथ स्टर्न स्वतः सांगत आले आहेत. मला त्यांचं म्हणणं पटतं.

आता नोकरीचं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कार्यालयाचा विचार सोड, तिथे जवळपास अमेरिकी नागरिकांनाच घेतात. विद्यापीठांत बहुतेकदा जेडी (अमेरिकेतली वकिलीची पदवी) किंवा उच्चशिक्षण प्रशासनातली मास्टर्स मागतात. नुसत्या एलएलएमवर जायचं तर न्यूयॉर्क बारची, म्हणजे तिथल्या वकिली परवान्याच्या परीक्षेची, तयारी ठेव : किमान 24 क्रेडिट, त्यात वकिली नीतिमत्ता आणि कायदेशीर लेखन सक्तीचं. प्रवेश घेण्याआधीच तुझ्या पदवीचं मूल्यमापन बारकडून करून घे, त्याला महिने लागतात. कायद्याला ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी, 12 महिनेच; स्टेमसारखी (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसारखी) वाढ नाही. जमेची बाजू म्हणजे विद्यापीठं एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून वगळलेली आहेत.

पाचव्या वर्षात एक कर. तुमच्या कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत किंवा रॅगिंगविरोधी समितीत विद्यार्थी प्रतिनिधी होता येतं का बघ. तिथे जबाब नोंदवून घ्यायची, दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्यायची आणि कागद गोपनीय ठेवायची सवय लागते. अर्जासोबतच्या निबंधात आजीच्या गावाबरोबर हेही लिहिता येईल.