‘त्या कायद्यात पोट भरतं का?’

करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेली मुलगी नुकतीच एलएलबी झालेली. सोबत तिचे वडील, तालुका कोर्टातले जुने वकील. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिला सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायद्यात, म्हणजे देशादेशांमधल्या व्यवहारांच्या कायद्यात, संशोधन करून प्राध्यापक व्हायचं होतं. वडिलांनी खुर्चीत बसता बसताच विचारलं, “मॅडम, त्या कायद्यात पोट भरतं का? हुकूमनामा झाला तरी तो अमलात आणायची दरखास्त कुठे लावायची?”

पहिला प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, म्हणून तो आधी घेतला. कागदावर वर्षं मांडली. एलएलएम एक किंवा दोन वर्षांचं, त्यात 55 टक्के हवेत. मग प्राध्यापकीची पात्रता परीक्षा: देशपातळीवरची नेट, किंवा आपल्याकडची, राज्याची सेट. पीएचडीला किमान 3 वर्षं, नियमाने 6 पर्यंत. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये. नाही मिळाली तर बहुतेकांना तासिका तत्त्वावर शिकवत दिवस काढावे लागतात. कायम जागेवर सुरुवातीचं मूळ वेतन 57,700, पण जागा निघेपर्यंत वाट पाहायची. आणि कॉलेज फक्त या विषयासाठी माणूस क्वचितच घेतं. सकाळी करार कायदा शिकवायचा, लेखन संध्याकाळी. हे गोड करून सांगणं मला पटत नाही.

मुलगी हळूच म्हणाली, “तिशीतही बाबांकडे पैसे मागावे लागतील, हीच भीती आहे.” तिची खरी काळजी ही होती, आणि वडिलांनी ती पहिल्यांदाच ऐकली. ते नुसतेच कागदाकडे बघत राहिले.

मग मी तिला म्हटलं, “त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तू दे.” तिने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतलं (ते न्यायालय ज्या नियमांवर चालतं त्यातलं) कलम 38 सांगितलं. करार, रूढी आणि कायद्याची सर्वमान्य तत्त्वं यांच्यानंतर तिथे निवाडे आणि निष्णात अभ्यासकांचं लेखन येतं, नियम ठरवण्याचं साहाय्यक साधन म्हणून. “म्हणजे आपण टीकाग्रंथ दाखवतो तसं?” वकीलसाहेब पुढे सरकले. जेएनयूतल्या आर. पी. आनंदांबद्दलही ती बोलली. हा कायदा घडला तेव्हा वसाहतीत असलेल्या देशांनी तो जसाच्या तसा का मानावा, हे त्यांनी लिहून विचारलं होतं.

“आणि कुलभूषण जाधव?” वडिलांनी विचारलं. हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावलेल्या या भारतीयाचं प्रकरण भारताने याच हेगच्या न्यायालयात नेलं होतं. 17 जुलै 2019 चा निकाल तिला पाठ होता. वकिलातींविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 चा पाकिस्तानने भंग केला, वकिलातीची भेट नाकारली, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार व्हावा. 15 विरुद्ध 1 मतांनी. सुटकेची भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही.

“म्हणजे माणूस आतच.”

“हो बाबा. निकालानंतर देश काय करतात, काय टाळतात, त्यावरच मला काम करायचंय.”

या टप्प्यावर मी बोलले नाही. बापलेक अर्धा तास वाद घालत होते, आणि तिचा विषय तिथेच आकाराला येत होता.

ठरलं ते असं: एलएलएम करतानाच सेट द्यायची, घरून पैसे किती वर्षं घ्यायचे ते दोघांनी आधी ठरवायचं, आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीच्या उन्हाळी वर्गासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा.

आज ती पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तासिका तत्त्वावर शिकवते. कायम जागा अजून नाही. मागच्या महिन्यात वडिलांचा फोन आला होता. तिच्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा मसुदा वाचून त्यांनी समासात तीन हरकती लिहिल्यात. त्यातली एक तिने मान्य केली.