रंगाला तडे, गळ्याला झोल : टी-शर्टवरच्या प्रयोगांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पांढऱ्या टी-शर्टवर ॲक्रिलिक रंगांनी फुलं काढली. दोन धुण्यांतच रंगाला तडे जाऊन पापुद्रे निघाले. काय चुकलं?

उत्तर : नवा टी-शर्ट न धुताच रंगवला असावा. कोऱ्या कापडावर खळ असते, त्यामुळे रंग धाग्यात न मुरता वरच बसतो. आधी साबणाने धुवा. सॉफ्टनर नको, त्याचाही थर राहतो. दुसरं, नुसता ॲक्रिलिक वाळला की ताठ होतो आणि होजिअरीचं कापड तर ताणलं जाणारच. दोन भाग रंगात एक भाग टेक्स्टाइल मीडियम (कापडावरचा रंग लवचीक ठेवणारं द्रावण) मिसळा. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. पाणी घालून पातळ करू नका, रंग कडेबाहेर पसरतो. जाड एका थराऐवजी पातळ दोन द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. आत पुठ्ठा सरकवा, म्हणजे रंग पाठीवर उतरणार नाही. पण कापड त्यावर ताणून बसवू नका, पुठ्ठा काढला की चित्र आकसतं. 24 तास वाळल्यावर टी-शर्ट उलटा करून, वाफ बंद ठेवून 3 ते 5 मिनिटं इस्त्री फिरवा. पुढचे तीन दिवस धुवू नका. निघालेले पापुद्रे मात्र परत चिकटत नाहीत. ते खरवडून तेवढाच भाग नव्याने रंगवा.

प्रश्न : काळ्या टी-शर्टवर ब्लीचने नक्षी केली. पांढरी हवी होती, नारिंगी झाली आणि महिन्याभरात तिथेच भोकं पडली.

उत्तर : नारिंगी होणं ही चूक नाही. काळा रंग बहुधा अनेक रंगांच्या मिश्रणातून येतो आणि त्यातला तांबूस भाग शेवटी जातो. पांढऱ्याच्या हट्टापायी ब्लीच जास्त वेळ राहिलं, की ते सूतही खातं. ब्लीच आणि पाणी समप्रमाणात घ्या, हवी ती छटा दिसताच भरपूर पाण्यात धुवा. मग 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक भाग आणि पाणी दहा भाग अशा द्रावणात दहा मिनिटं बुडवा. उरलेलं ब्लीच तिथेच थांबतं. व्हिनेगरने थांबवा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे, त्यातून क्लोरीन वायू निघतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

प्रश्न : टाय-डायमध्ये कापड रंगलं, शिलाई पांढरीच राहिली. असं का?

उत्तर : शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा आहे. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग (सुती धाग्याशी रासायनिकरीत्या जोडले जाणारे) त्यावर चढत नाहीत. सुती दोऱ्याने शिवलेला टी-शर्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर पांढरी शिलाई नक्षीत धरा. आम्हाला ती बरी दिसते.

प्रश्न : गळा मोठा कापला, तो लोंबायला लागला. पट्टी शिवली तर सुईने टाके सुटतात.

उत्तर : होजिअरी कापल्यावर उसवत नाही, पण कड गुंडाळते आणि ताणली जाते. म्हणून खुणेच्या एक सेंटीमीटर आत, म्हणजे गळा थोडा लहानच कापायचा. आता पट्टी लावा : गळ्याचा घेर मोजा आणि पट्टीची लांबी त्याच्या 85 टक्के ठेवा, घेर 60 सेंटीमीटर असेल तर 51, शिवाय जोडासाठी दोन. पट्टी आणि गळा दोन्हींवर चार समान खुणा करून जुळवा आणि शिवताना फक्त पट्टी ताणा. टाके सुटतात ते साध्या सुईमुळे. होजिअरीसाठी बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई लावा, टाका अरुंद झिगझॅग ठेवा. सरळ टाका डोकं घालताना तटकन तुटतो.