नव्या वर्गशिक्षिकेस, फ्लूच्या दिवसांत

तुम्ही जूनमध्ये वर्ग हाती घेतला आहे, म्हणून पुण्यात पावसाचा जोर वाढण्याआधीच हे लिहिते. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूमुळे शहरातील शाळा बंद झाल्या, तेव्हाचे रिकामे बाक मला आजही आठवतात.

आजारी मुलाला घरी ठेवणे हा सर्वांत मोठा उपाय आहे. परंतु पालक सकाळी तापाचे औषध पाजून मुलाला रिक्षात बसवतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्याचे अंग पुन्हा तापते, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यांच्यावर रागावू नका, कारण अनेकांना रजाच मिळत नसते. मात्र औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच मुलाला पाठवावे, हे पहिल्याच पालकसभेत स्पष्ट सांगा. पूर्ण हजेरीचे बक्षीस तर बंदच करा. माझ्या मते तेच तापलेल्या मुलाला शाळेत ओढून आणते.

फ्लूचा विषाणू लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पसरू शकतो, त्यामुळे केवळ खोकणाऱ्या मुलांकडे लक्ष ठेवून भागत नाही. पावसातही खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, डबा उघडण्यापूर्वी मुलांकडून वीस सेकंद हात धुऊन घ्या आणि नळापाशी साबणाची वडी उरली आहे का, हे रोज स्वतः पाहा. लस दरवर्षी घ्यावी लागते व तिचे संरक्षण मिळण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा तुमची लस याच आठवड्यात घ्या.